लेबल झाकल्यावर अभिरुची किती उरते?

पडद्याआड (धागाकर्ता)

तीन वाक्यं वारंवार कानावर येतात. एमपीथ्री ऐकणाऱ्याला गाण्यातलं काय कळणार? ऑडिओबुक ऐकणं म्हणजे वाचन नव्हे. ऑटो मोडवर काढलेला फोटो, तो काय फोटो!

प्रत्येक वाक्यात दोन दावे एका पुडीत बांधलेत. एक वस्तूबद्दलचा, दुसरा ती वापरणाऱ्या माणसाबद्दलचा. वस्तूबद्दलचा दावा तपासता येतो. तो तपासल्याशिवाय माणसाबद्दल तोंड उघडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासायची रीत जुनीच आहे. १९२०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड कृषी संशोधन केंद्रात म्युरियल ब्रिस्टल या शैवालतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, की कपात दूध आधी घातलं की चहा, हे त्यांना चवीवरून ओळखता येतं. त्यावर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी आठ कपांची चाचणी मांडली: चार कपांत दूध आधी, चारांत चहा आधी, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. आठांतून चार कप निवडायचे ७० प्रकार होतात. म्हणजे नुसत्या अंदाजाने सगळे बरोबर यायची शक्यता सत्तरात एक. बाईंना कोणी हसून उडवून लावलं नाही आणि त्यांचा शब्द प्रमाणही मानला नाही. मला हे फार सभ्य वाटतं.

व्हायोलिनचं उदाहरण जास्त झोंबणारं आहे. २०१० साली इंडियानापोलिसला २१ वादकांना सहा व्हायोलिनं वाजवायला दिली: तीन नवी, दोन स्ट्रॅडिव्हरीची, एक ग्वार्नेरीचं (हे दोघे जुन्या काळातले नामांकित इटालियन कारागीर). खोली अंधारी, डोळ्यांवर वेल्डिंगचे चष्मे. जुन्या लाकडाचा वास येऊ नये म्हणून हनुवटीखालच्या पट्टीला अत्तराचा थेंब लावलेला. सर्वांत कमी पसंती मिळाली ती एका स्ट्रॅडिव्हरीला.

घरी एमपीथ्रीसाठी असं करा. मूळ लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळलेली, फाइल घ्या आणि तिच्यापासून एमपीथ्री, म्हणजे काटछाट करून लहान केलेली फाइल, स्वतः बनवा. दोन ठिकाणांहून दोन फाइली घेतल्यात, तर बहुतेकदा मास्टरिंगच (ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात) वेगळं निघतं आणि आपण भलतंच काहीतरी ऐकत बसतो. एमपीथ्री परत १६ बिट वेव्हमध्ये (न दाबलेल्या फाइलीत) उलगडा. दोन्हींचा आवाज ०.१ डेसिबलच्या आत जुळवा, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. सुरुवातीचा काही मिलिसेकंदांचा रिकामा तुकडाही कापा. एमपीथ्री बनवणारा प्रोग्राम, म्हणजे एनकोडर, तो घालतो आणि त्यावरूनच चोरी पकडली जाते. मग फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरच्या एबीएक्स जोडणीत सोळा फेऱ्या: दर फेरीला अ आणि ब ऐकून झाकलेला क्ष त्यांतला कोणता ते सांगायचं. बारा बरोबर आल्या, तर निव्वळ नशिबाने तसं होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी. फेऱ्यांचा आकडा आधी ठरवा. आघाडी मिळाली म्हणून मध्येच थांबलात, तर सगळं मुसळ केरात.

---

कानसेन

रीत चोख सांगितलीत, निष्कर्ष मात्र उतावळा आहे.

समजा एखाद्याला फरक खरोखरच ऐकू येतो, पण पुसट; दर फेरीला बरोबर यायची शक्यता ६० टक्के. या माणसाला सोळांत बारा मिळण्याची शक्यता किती? साधारण १७ टक्के. म्हणजे सहांतल्या पाच वेळा तुमची चाचणी त्याला ढोंगी ठरवणार. शंभर फेऱ्या घेतल्या तर ५९ चा उंबरठा लागतो (नशिबाने पास व्हायची शक्यता पाच टक्क्यांच्या आत ठेवायची तर), आणि तेव्हाही तो ६२ टक्के वेळाच पास होतो. नापास होणं म्हणजे फरक नसणं, हे समीकरण या धाग्यात कोणी मांडू नये.

दुसरं, कान तयार करावा लागतो. काय ऐकायचं ते माहीत नसेल, तर हजार फेऱ्याही वाया. एमपीथ्री आवाजाचे ११५२ नमुन्यांचे तुकडे करतं, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४४,१०० नमुने) सुमारे २६ मिलिसेकंदांचा एक. तुकड्याच्या शेवटाकडे अचानक टणत्कार आला, की काटछाटीतून आलेला खरखराट मागे पसरतो आणि ठोक्याच्या आधीच एक पुसट फिस्स ऐकू येते. कॅस्टनेट (चिपळ्यांसारखं लाकडी वाद्य), टाळ्यांचा कडकडाट, हार्पसिकॉर्ड यांत ती पकडा. १२८ केबीपीएसला (सेकंदाला १२८ किलोबिट) हाय-हॅटची, म्हणजे ड्रमसेटमधल्या झांजांची, कड विरघळते आणि बहुतेक एनकोडर १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सरळ छाटून टाकतात. एकदा ऐकू आलं की पुन्हा न ऐकणं अवघड. १२८वर समाधान मानणारा माणूस काहीतरी गमावतोय, हे वास्तव आहे. ते त्याला सांगणं म्हणजे नाक मुरडणं कसं?

---

पडद्याआड

गणित मान्य. सोळा फेऱ्या अपुऱ्या आहेत, माझं चुकलं.

पण त्याच गणिताची दुसरी बाजू बघा. जो फरक सापडायला शंभर फेऱ्या, शांत खोली आणि तयार कान लागतो, तो खरा असला तरी लहान आहे. एवढ्या फरकावरून समोरच्याला रसिकांच्या पंक्तीतून उठवायचं? १२८ची तक्रार मला मान्यच आहे. ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला नावं ठेवणारे मात्र १२८चे दोष सांगून ३२०चा निकाल लावतात. आणि "गाण्यातलं काय कळणार" यात तर हाय-हॅटचा उल्लेखही नाही. राग ओळखणं, लय धरणं, शब्द कुठे तोडला ते टिपणं, यांतलं काहीही १६ किलोहर्ट्झच्या वर घडत नाही.

---

ओळीमागून

दुसऱ्या वाक्याबद्दल. "ऑडिओबुक ऐकणं म्हणजे वाचन नव्हे" यात तुच्छता नाही, वर्णन आहे. लेबल झाकून हा फरक नाहीसा होत नाही, कारण क्रियाच वेगळ्या.

वाचताना डोळा सरळ चालत नाही. त्याच्या उड्यांपैकी साधारण १० ते १५ टक्के मागे असतात. वाक्याचा अर्थ निसटला की आपल्याला कळायच्या आत नजर तीन शब्द मागे जाऊन येते. ऐकताना ही सोय नाही. बटण दाबेपर्यंत पुढची दोन वाक्यं गेलेली असतात. वेगही आपल्या हातात नसतो. इंग्रजी वाचकांचा मनातल्या मनात वाचण्याचा सरासरी वेग ललितेतर मजकुरात मिनिटाला २३८ शब्दांच्या आसपास भरतो. ऑडिओबुक १५०च्या घरात चालतं. पण वाचक सोप्या परिच्छेदात पळतो आणि अवघड वाक्यावर थबकतो, निवेदक दोन्हीकडे जवळपास एकाच चालीने जातो. तक्ते, तळटीपा, शब्दांचं लेखन, ओळ कुठे तुटते हे सगळं कानातून गळून जातं.

म्हणून वर्षाला अमुक पुस्तकं वाचली असं सांगणाऱ्याने त्यांतली किती ऐकली ते वेगळं सांगावं, ही अपेक्षा मला रास्त वाटते.

---

श्रवणभक्त

सांगायला हरकत काहीच नाही. पण ती अपेक्षा नेमकी कुणाकडून आणि कशासाठी? मोठ्या अक्षरांची आवृत्ती वाचणाऱ्याकडून कोणी खुलासा मागत नाही.

१९८६ साली गफ आणि टनमर यांनी वाचनाची एक साधी मांडणी केली: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. गुणाकार आहे, बेरीज नाही. एक शून्य असेल तर उत्तर शून्य. सराईत प्रौढ वाचकाला अक्षरं उलगडणं आपोआप जमतं, मग फरक पाडतं ते मुख्यतः भाषेचं आकलन. तेच कानाने ऐकतानाही राबतं. दृष्टी अधू असलेल्याला किंवा अक्षरं उलगडताना धाप लागणाऱ्याला पुस्तकापर्यंत न्यायचा रस्ता कानातूनच जातो. आणि आपल्या भाषेने तरी पुष्कळ जाणणाऱ्या माणसाला "बहुश्रुत" म्हटलंय, खूप ऐकलेला. हा शब्द कोणी दूषण म्हणून वापरत नाही.

तुमचे तांत्रिक आक्षेप मात्र खरे आहेत, म्हणून ऐकायचं कसं ते सांगते. कथा-कादंबरीला १.२५ पट वेग चालतो. युक्तिवादाच्या पुस्तकाला वेग एकवरच ठेवा. मागे जायचं बटण ३० सेकंदांचं असेल तर सेटिंगमध्ये १० करा. तीस सेकंद मागे जायचा कंटाळा येतो आणि माणूस निसटलेलं सोडून देतो. झोपताना ऐकत असाल तर टायमर १५ मिनिटांचा, आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात ज्या जागेची नीट आठवण आहे तिथून, टायमर जिथे थांबला तिथून नको. भांडी घासताना लक्ष टिकतं, हिशेब करताना किंवा मेसेज लिहिताना अजिबात नाही, कारण दोन्हीकडे शब्दच लागतात. आकृत्या आणि तक्त्यांची पुस्तकं ऐकूच नयेत.

---

ओळीमागून

"बहुश्रुत" हा मुद्दा चांगला आहे, तरी पटला नाही. तो शब्द ज्ञानाबद्दल आहे, वाचनाबद्दल नाही. ऐकून ज्ञान मिळतं हे मी नाकारलेलंच नाही. पण तुमच्या सूचनांतली प्रत्येक गोष्ट, मागे जा, वेग बदल, कुठल्या पुस्तकाला नको, ही डोळा आपसूक करतो ते बटणांनी करायची धडपड आहे. तक्त्यांची पुस्तकं ऐकू नयेत हे तर तुम्हीच लिहिलंत.

---

सुईटोक

मला धागाकर्त्याच्या मूळ कल्पनेवरच आक्षेप आहे. लेबल झाकायचं का? माणूस जे निवडतो त्यातला मोठा भाग लेबलातच असतो.

एलपीचं, म्हणजे सुईने वाजणाऱ्या तबकडीचं, बघा. तिचे दोष ती वापरणाऱ्यांना तोंडपाठ असतात. ३३⅓ फेऱ्यांच्या बारा इंची तबकडीवर बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी लांबीत कोंबायचा, म्हणून बाजूच्या शेवटच्या गाण्यात स आणि श चरचरतात. खर्जाचा भाग कापताना दोन्ही वाहिन्यांत सारखा करावा लागतो, नाहीतर सुई खाचेतून उडते. सुईवरचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या डबीच्या) कंपनीने सांगितला असेल तेवढाच हवा, समजा दोन ग्रॅम. तबकडी जपायची म्हणून लोक दीडवर आणतात आणि तिथेच चुकतात: हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत जाते आणि किंचित जड सुईपेक्षा जास्त नासधूस करते.

हे सगळं माहीत असूनही माणूस तबकडी लावतो. एक बाजू वीस-बावीस मिनिटांत संपते, मग उठावं लागतं. गाणं सहज ओलांडता येत नाही, म्हणून ऐकलं जातं. वेष्टणावरचा मजकूर हातात असतो. अंधचाचणी नेमकं हेच काढून घेते आणि विचारते, आता फरक सांग. जेवणाऱ्याचं नाक दाबून चव विचारण्यासारखं आहे हे. वर जो नापास झाला त्याला खोटं पाडायचं. मोजमाप करणाऱ्याचा गर्व हादेखील गर्वच.

---

पडद्याआड

नाक दाबण्याचा दाखला लागू पडत नाही. मी कारण विचारतोय. "मला उठून बाजू पालटायला आवडतं" हे पूर्ण कारण आहे, त्याला चाचणी लागत नाही. "एलपीचा आवाज जास्त खरा असतो, तुम्हाला कळत नाही" हे म्हणाल तर लागते. तुम्ही पहिलं म्हणालात. तुमच्याशी माझं भांडणच नाही.

---

सुईटोक

भांडण आहे. पहिलं म्हणायची मुभा तुम्ही कोण देणार? आवाज जास्त खरा आहे असं एखाद्याला वाटतं, तेव्हा त्याला बहुधा ते सगळं वातावरणच अभिप्रेत असतं. फक्त शब्द आवाजाचे वापरतो. त्याला प्रयोगशाळेत उभं करण्याआधी त्याला काय म्हणायचंय ते विचारा.

---

मधलाकरडा

तिसरं वाक्य कोणी उचललं नाही, म्हणून फोटोबद्दल.

ऑटो मोड कुठे फसतो हे ठरलेलं आहे. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. बर्फ समोर आला की तो बर्फालाही करडा करतो. एक ते दोन स्टॉप (एक स्टॉप वर म्हणजे प्रकाश दुप्पट) वर न्यावं लागतं. काळ्या पडद्यापुढे उजेडातला गायक असेल तर उलट: तो पडदा उजळायला जातो आणि चेहऱ्यावरचा तपशील पांढरा होऊन जातो. खाली आणा. खिडकीला पाठ करून बसलेला माणूस काळा पडतो. घरातल्या उजेडात साधा ऑटो शटर १/६० सेकंदापर्यंत उतरवतो; पळणारं मूल १/५००च्या खाली स्वच्छ येत नाही. नवे कॅमेरे चेहरा ओळखून यातलं बरंच सावरतात, पण सगळं नाही.

ही यादी ज्याला माहीत आहे त्याने ऑटो वापरला काय आणि मॅन्युअल वापरला काय, फरक पडत नाही. कामाचे कित्येक छायाचित्रकार भिंगाचं छिद्र (अपर्चर) स्वतः ठरवतात, शटर आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) कॅमेऱ्यावर सोडतात, वर हाताने एक्स्पोजरची दुरुस्ती करतात. मॅन्युअलला सरकवून प्रकाशमापकाची रेघ मध्यावर आणली आणि बटण दाबलं, तर जे ऑटोने केलं असतं तेच हाताने केलं, फक्त उशिरा.

कानसेन, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हे. "ऑटोवर काढलाय" ही टीका नाही, त्यातून पुढच्या फोटोत काय बदलायचं ते कळत नाही. "चेहरा दोन स्टॉप अंधारात आहे, खिडकी बाजूला घेऊन बसव" ही टीका. ज्याला दोष नावानिशी सांगता येत नाही त्याने गप्प राहावं. ज्याला येतो त्याने मात्र "ज्याची त्याची आवड" म्हणत गप्प राहू नये. तेही समोरच्याला कमी लेखणंच आहे, याला शिकवून काय उपयोग असं गृहीत धरणं.

---

कानसेन

शेवटच्या वाक्यासाठी आभार, एवढा वेळ मी तेच म्हणत होतो. आणि "गाण्यातलं काय कळणार" हे वाक्य मी मागे घेतो. त्यात दोषाचं नाव नाही हे खरं. १२८वरचा आक्षेप मागे घेत नाही.

चाचणी कोणी करणारच असेल तर सोळाऐवजी तीस फेऱ्या आणि उंबरठा वीस. ६० टक्केवाल्याची पास व्हायची शक्यता मग १७ वरून २९ टक्क्यांवर जाते. फार नाही, पण घरी बसून एवढंच झेपतं. तिसाच्या तीस एका दमात नकोत, पंधरा मिनिटांनी कान मठ्ठ होतो. दहा-दहाच्या तीन बैठका घ्या, तुकडा पाच-सात सेकंदांचाच ठेवा, आणि बैठकींच्या मध्ये गुण दाखवणारी खिडकी बंद. आधी १२८ आणि कॅस्टनेट घेऊन ती फिस्स ओळखायला शिका, मगच ३२०ला हात घाला.