नाटक नाही, वय आहे
नववीतला मुलगा घरी समजूतदार आणि मित्रांत बेभान, म्हणजे तो नाटक करतो, हे मत मला अजिबात पटत नाही. शांतपणे विचार करायची कुवत सोळाव्या वर्षापर्यंत बरीचशी मोठ्यांइतकी येते. पण राग, लाज किंवा दोस्तांचा घोळका असला की तीच डळमळते. मानसशास्त्रज्ञ गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या २००५च्या प्रयोगात, गाडी चालवायच्या व्हिडिओ गेममध्ये मित्र सोबत असताना १३ ते १६ वयाच्या मुलांनी एकट्यापेक्षा बराच जास्त धोका पत्करला. आवर घालणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. म्हणून भर भांडणात ‘लक्ष कुठंय तुझं?’ विचारू नका. दार आपटून गेला तर जाऊ द्या. जेवणं झाल्यावर, भावंडं आसपास नसताना बोला. आणि आधी त्याची झोप बघा, ती फार महत्त्वाची आहे.