जुनी ऑटोमॅटिक: तापली की दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना काटा उडतो, रिव्हर्सला धक्का. गिअरबॉक्स खरंच गेलाय का?

राजारामपुरी_८वी_गल्ली

मंडळी, जरा डोकं लावा. २००९ ची जपानी सेडान, १.८ पेट्रोल, पाच गिअरची ऑटोमॅटिक. सीव्हीटी नाही, एएमटी नाही, जुनी टॉर्क कन्व्हर्टरवाली, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारी. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा कंपन्यांच्या भांडणावर जाते आणि माझा गिअर तिथंच अडकून राहतो. रनिंग १ लाख ३४ हजार. २०२२ मध्ये सांगलीच्या एका गृहस्थांकडून घेतली, तेव्हा गिअर पडलेला कळायचासुद्धा नाही.

आता सकाळी थंड असताना काही तक्रार नाही. व्हीनस कॉर्नर, दसरा चौक असं गर्दीत अर्धा तास रखडली की सुरू होतं. दुसऱ्यावरून तिसरा पडताना इंजिन क्षणभर मोकळं सुटतं, आरपीएमचा काटा दोन हजारावरून अठ्ठावीसशेपर्यंत उडतो आणि मग धप्पकन गिअर बसतो. रिव्हर्स टाकला तर दीड-दोन सेकंद काहीच नाही, मग खालून 'डब्ब'. हायवेला ८० च्या स्पीडला पाय स्थिर ठेवला तरी काटा दोनशे-तीनशेनं वरखाली होतो आणि गाडी बारीक थरथरते. आंबा घाट चढताना तिसरा-चौथा, तिसरा-चौथा चालूच. आणि परवा किणी टोलनाक्याच्या अलीकडं डॅशबोर्डवरचा 'डी' लुकलुकायला लागला. बंद करून चालू केली, तर गेला.

सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी गेटपासून कोपऱ्यापर्यंत चालवून बघितली आणि सांगितलं, गिअरबॉक्स असेंब्ली बदला, पावणेदोन लाख. गाडी विकली तरी तेवढे येतील का शंका आहे. दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं, लाखाच्या वर गेलेल्या ऑटोमॅटिकचं तेल बदलायचं नाही, बदललं की गिअरबॉक्स बसतो. मग करायचं काय? जूनच्या आत निकाल लावायचाय. सासुरवाडी गगनबावड्याला आहे, पावसात त्या रस्त्याला असली गाडी न्यायची हिंमत नाही.

कट_वेगळा

विकून टाक भावा आणि मॅन्युअल घे. क्लचप्लेट गेली तर शेंबडं पोरगंबी सांगतंय. ऑटोमॅटिकचं म्हणजे तीन मेकॅनिक, चार मतं.

चेष्टा सोड, पण ते तेल न बदलायचं मीपण लई जणांकडून ऐकलंय. खरं काय आहे ते जाणकारांनी सांगा.

उद्यमनगरी

गिअरबॉक्स उतरवायचं नाव सध्या काढू नका. माझं पोट गिअरबॉक्स खोलण्यावर चालतं, तरी सांगतोय.

तुम्ही पाच तक्रारी एका दमात लिहिल्यात आणि सर्व्हिस सेंटरनं पाचींना मिळून एकच बिल लावलं. घाटाची तक्रार आधी बाजूला काढा, तो बिघाड नाही. कंप्युटरला पुढचा चढ दिसत नाही. तुम्ही पाय जरा सैल सोडला की तो वरचा गिअर टाकतो, ओढ कमी पडली की परत खाली येतो. आंब्याला लिव्हर 'डी ३' ला ठेवा, नाहीतर पॅडल असतील तर तिसऱ्यात धरा. त्या खेळात तेल उगाच तापतं.

रिव्हर्सचा 'डब्ब' बघायला बॉनेट उघडा. घरातल्या कुणाला तरी सीटवर बसवा, हँडब्रेक ओढलेला, ब्रेक पूर्ण दाबलेला, गाडीच्या पुढं-मागं कोणी नाही. तुम्ही बाजूला उभं राहून त्यांना सावकाश डी, एन, आर टाकायला सांगा. इंजिन थोडं झुकणारच. पण उचलून आपटत असेल तर माउंटिंग, म्हणजे इंजिनाला धरून ठेवणारं रबर, गेलंय. ह्या वयाच्या बऱ्याच गाड्यांत एका बाजूचं माउंटिंग आतून द्रव भरलेलं असतं. ते फुटलं की खाली काळा ओघळ उतरलेला दिसतो, बोट लावलं तर चिकट लागतो. आयडलिंगपण बघा. गरम गाडीचा काटा सातशे-आठशे सोडून हजाराच्या वर बसत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या, त्यानंही गिअर टाकताना दणका बसतो.

पण दीड-दोन सेकंदांचा उशीर माउंटिंगमुळं होत नाही. एका सेकंदाच्या आसपास गिअर लागला पाहिजे. त्याहून जास्त लागत असेल तर दाब उशिरा तयार होतोय. तेल कमी असेल, तेल गाळायची जाळी चोंदली असेल, नाहीतर आतल्या सील कडक झाल्या असतील. ह्यातलं फुकटात बघता येतं ते तेल, म्हणून तिथून सुरुवात.

तेल मोजायची पद्धत तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा, कारण सगळ्यांची एक नाही. होंडात गाडी सपाट जागेवर, रेडिएटरचा पंखा फिरेपर्यंत गरम करायची, इंजिन बंद करायचं आणि मिनिट-दीड मिनिटाच्या आत तेल मोजायची दांडी काढायची. टोयोटा-ह्युंदाईच्या जुन्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन चालूच ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून मग मोजतात. एकाची रीत दुसऱ्याला लावली की लेव्हल चुकीची दिसते, मग माणूस वरून जादा तेल ओततो. जादा तेलाला फेस येतो आणि फेसानं दाब धरत नाही. म्हणजे नसलेला आजार आपणच लावून घेतला.

दांडीवरचं तेल पांढऱ्या कागदावर टेकवा. लालसर आणि पारदर्शक असेल तर चिंता नाही. तपकिरी म्हणजे जुनं झालंय. काळं असून करपलेला वास येत असेल तर आतल्या क्लचच्या प्लेटा जळतायत, मग मात्र माझ्यासारख्याला भेटावं लागेल. दुधट गुलाबी दिसलं तर पाणी शिरलंय. तशी गाडी एक किलोमीटरही चालवू नका.

आता ते 'तेल बदललं की गिअरबॉक्स बसतो'. लोक गिअर घसरायला लागल्याशिवाय तेलाकडं बघतच नाहीत. तोवर प्लेटांचं अस्तर संपत आलेलं असतं. नवं तेल भरून पंधरा दिवसांत गाडी थांबली की दोष तेलाला. एक खबरदारी मात्र खरी आहे. मशिन लावून दाबानं फ्लश करायचं नाही, जुन्या गाडीला मी ते कधीच करत नाही. ड्रेन प्लग काढा, जेवढं निघालं तेवढंच मोजून भरा. एका वेळी सगळं निघत नाही, निम्म्याच्या वर कन्व्हर्टरमध्ये आणि आत राहतं. म्हणून थोडे दिवस चालवून परत तेच करायचं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या नंबरचंच. लाल दिसतं ते सगळं एक नव्हे, आणि सीव्हीटीचं तर चुकूनही नाही. ड्रेन प्लगला मॅग्नेट असेल तर त्यावर काय जमलंय बघा. करडी मऊ पेस्ट सगळ्यांच्यात निघते. बोटाला टोचणारे तुकडे निघाले तर फोटो टाका.

हायवेच्या थरथरीला एक चाचणी आहे. मागं गाडी नाही असं बघून ८० ला ॲक्सिलरेटर स्थिर ठेवा आणि डाव्या पायानं ब्रेकला नुसता स्पर्श करा, मागचा लाल दिवा लागेल एवढाच. लॉकअप क्लच, म्हणजे स्थिर वेगात कन्व्हर्टरला घट्ट जोडून ठेवणारा क्लच, सुटतो, काटा थोडा वर जातो. त्याच क्षणी थरथर थांबली तर ती लॉकअपची, आणि ती बऱ्याचदा जुन्या तेलानं असते. थांबली नाही तर स्पार्क प्लग आणि कॉइल बघा. मिसफायरला (इंजिनाची ठिणगी चुकण्याला) गिअरबॉक्सचा आजार समजून खर्च केलेले लोक माझ्याकडं येतात.

सगळ्यात कामाची ओळ तुम्ही घाईत उरकलीत, 'डी' लुकलुकला ती. दिवा विझला तरी बिघाडाचा कोड कंप्युटरच्या आत राहतो. बॅटरीची वायर काढू नका, नाहीतर तो पुसला जाईल. मोबाईलला जोडायचं स्वस्तातलं रीडर बहुतेक वेळा इंजिनपुरतंच बोलतं. त्यात पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ एवढाच, की गिअरबॉक्सची काहीतरी तक्रार आहे, तिकडं जाऊन विचारा. गिअरबॉक्सचं मॉड्यूल वाचणारा स्कॅनर असलेला माणूस गाठा आणि गाडी तापलेली असतानाच लावा.

कोणी स्टॉल टेस्ट करू म्हणालं, म्हणजे ब्रेक दाबून 'डी' मध्ये पूर्ण रेस, तर ती पाच सेकंदांच्या वर नको आणि घरी तर नकोच.

कृष्णाकाठ

मी सांगलीचा, म्हणून विचारतो. ऑगस्ट २०१९ ला ही गाडी कुठं उभी होती, ते त्या गृहस्थांनी सांगितलं होतं का? त्या पुरानंतर धुऊनपुसून विकलेल्या गाड्या आमच्याकडं मी स्वतः बघितल्यात. तुमच्या कोल्हापुराकडं २०२१ च्या जुलैतही तेच झालं असणार. इंजिन बुडालं नसलं तरी गिअरबॉक्स आणि त्याच्या वायरी खाली असतात, चाकाच्या निम्म्यापर्यंतचं पाणीही तिथं पोचतं.

सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून बघा, नेहमी गुंडाळलेला राहतो तो भाग. स्टेपनी काढा. पुढच्या सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा. वरची कार्पेट कोणीही बदलतं, ह्या जागा कोणी धूत नाही.

राजारामपुरी_८वी_गल्ली

कृष्णाकाठ, तुमचं तोंड गोड करायला पाहिजे आणि त्या गृहस्थांना दोन शब्द ऐकवायला पाहिजेत.

ड्रायव्हरच्या बाजूचा बेल्ट शेवटपर्यंत ओढला, तर खालच्या वीतभर भागावर मातकट रेघ, एका बाजूला गडद आणि वर फिकट होत गेलेली. स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्याला वाळलेला गाळ, नखानं खरवडला तर पापुद्रा निघतो. गाडी घेताना मी फक्त बॉनेट आणि कागद बघितले होते.

उद्यमनगरी काका, तुम्ही सांगितल्याप्रमाणं सगळं केलं. तेल दुधट नाही, गडद तपकिरी आहे, करपल्याचा वास नाही. लेव्हल खालच्या खुणेच्याही थोडी खाली. मिसेसना सीटवर बसवून डी-आर केलं तर एका बाजूनं इंजिन उसळतंय आणि खाली काळा ओघळ आहेच. ब्रेकला पाय टेकवला की थरथर जागेवर थांबते.

कोड उद्यमनगरातच एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडं काढला. पी०८४८. त्यानं एअर फिल्टरचा डबा काढून गिअरबॉक्सवरच्या प्रेशर स्विचचा कनेक्टर सोडवला. आतली पिन हिरवी पडलेली, पावडर धरलेली, आणि तिच्यावरची रबराची सील अर्धी फाटलेली. शेजारचा कनेक्टर लखलखीत. पिन बदलून घेतली, माउंटिंग बसवलं, तेलाचा पहिला ड्रेन झाला. मॅग्नेटवर नुसती पेस्ट.

दुसऱ्या-तिसऱ्यातलं उडणं बंद झालंय. थरथर कमी आहे पण पूर्ण गेलेली नाही. रिव्हर्स अजून एक-सव्वा सेकंदानं लागतो, दणका मात्र नाही. आता पुढं काय? आणि पावणेदोन लाखाच्या जागी एक पिन, हे मला अजून पटत नाहीये.

उद्यमनगरी

पटायला पाहिजे. पी०८४८ म्हणजे तेलाच्या दाबाच्या 'बी' सर्किटमध्ये सिग्नल नको तेवढा वर, आणि वायर तुटली किंवा पिन गंजली की बऱ्याच गाड्यांत तेच दिसतं. गिअर बदलताना त्या गिअरच्या आतल्या क्लचला दाब पोचला का, हे हा स्विच कंप्युटरला कळवतो. खबर आली नाही की कंप्युटर अंदाजानं काम करतो आणि तुम्हाला काटा उडालेला दिसतो. गरम झाल्यावरच का, तर गंजलेल्या पिनेचा संपर्क गरमीनं आणि हादऱ्यानं तुटत-जुळत राहतो. कोणी असेंब्ली बदलली असती तरी वायरिंगचं लूम जुनंच राहिलं असतं आणि 'डी' परत लुकलुकला असता.

थरथरीसाठी घाई नको. हजारभर किलोमीटर चालवून दुसरा ड्रेन करा, त्यानंतर तशाच अंतरानं तिसरा. लॉकअपला नवं तेल मानवायला तेवढं लागतं. तिसऱ्यानंतरही राहिली तर बोलू. रिव्हर्सचा सव्वा सेकंद मला ह्या वयाला चालतो. तो परत दोनवर गेला तर आधी लेव्हल आणि गळती बघायची.

पण त्या इलेक्ट्रिशियनकडं पावसाआधी एकदा परत जा. त्यानं तक्रार असलेला कनेक्टर सोडवला, बाकीचे नाहीत. पाणी काही एकाच पिनेत शिरत नाही. लिव्हरची पोझिशन सांगणाऱ्या स्विचचा कनेक्टर, दोन्ही स्पीड सेन्सरचे आणि बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी, हे सगळं उघडून बघायला सांगा. सील फाटलेल्या असतील तर नव्या घाला, नुसतं ग्रीस चोपडून भागवू नका. गिअरबॉक्सच्या वरच्या ब्रीदरच्या (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीत गाळ आहे का तेही बघा. ती चोंदली की आतला दाब ऑईल सीलमधून वाट काढतो आणि तुमची लेव्हल खाली का गेली होती त्याचं उत्तर कदाचित तिथंच असेल.