लाँगइयरब्येनचा एअरपोर्ट

कुणीतरी विचारलं होतं ना, की आर्क्टिकमधला एअरपोर्ट म्हणजे नुसती पत्र्याची शेड असते का, तर नाही हो, निदान नॉर्वेच्या उत्तरेकडच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावात तरी तसं नाहीये. १९७५ पासूनचा एअरपोर्ट आहे, ७८ अंश उत्तरेला, रेग्युलर पॅसेंजर फ्लाइट्स असणारा जगातला सगळ्यात उत्तरेकडचा. विमानातून उतरून शिडीवरून थेट धावपट्टीशेजारी पाय ठेवायचा आणि वाऱ्याने डोळ्यात पाणी आणत चालत आत जायचं. आत छोटासा हॉल, एकच बेल्ट, त्यावर मधोमध पेंढा भरलेलं पांढरं अस्वल, बॅगा त्याच्याभोवती फिरतात, आणि अख्खी फ्लाइट आधी फोटो काढते मग बॅग शोधते (आम्हीपण तेच केलं, खोटं कशाला बोला).

धावपट्टी कायम गोठलेल्या जमिनीवर बांधलीये, त्यामुळे वरचा थर वितळला-गोठला की ती खालीवर होते, सारखी डागडुजी लागते.

आता कामाचं. स्वालबार्ड नॉर्वेचं असलं तरी शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) नाही, म्हणजे ऑस्लोहून जाताना तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि परत येताना पुन्हा आत शिरता, तेव्हा आपल्या पासपोर्टवाल्यांनी डबल किंवा मल्टिपल एंट्रीचाच व्हिसा घ्या, सिंगलवर गेलात तर परतीला बोंब. आणि बॅगेत ठेवलेली टोपी-हातमोजे काही कामाचे नाहीत, विमानातच चढवा!