गोळी बंद केल्यावर ‘तीन महिने थांबा’ कशासाठी?

अबोली
लग्न झालं तेव्हा मी २८ ची होते. नवऱ्याची फिरतीची नोकरी, डोक्यावर घराचा हप्ता, म्हणून चार वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. गेल्या दिवाळीत पाकीट संपलं, ते पुन्हा आणलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, “शरीर जरा स्वच्छ होऊ दे, तीन महिने काळजी घ्या, मग चान्स घ्या.” आम्ही ऐकलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मामेसासूबाईंनी वाणाची वाटी हातात ठेवता ठेवता म्हटलं, “गोळ्यांनी गर्भपिशवी कोरडी पडते गं, आमचं ऐकलं असतंस तर.” तेव्हा आमचे ते तीन महिनेही संपले नव्हते. मला काही बोलताच आलं नाही.

नंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सांगितलं की या गोळीतले हार्मोन्स काही दिवसांत शरीरातून निघून जातात आणि बऱ्याच जणींना पुढच्या काही आठवड्यांतच स्त्रीबीज तयार व्हायला लागतं. पहिल्याच महिन्यात दिवस राहिले तरी आधीच्या गोळ्यांमुळे बाळाला अपाय होत नाही. गोळी सोडणाऱ्या शंभरातल्या साधारण ८० जणींना वर्षभरात दिवस जातात. कधीच गोळी न घेतलेल्यांचंही जवळपास तेच. पूर्वी एक पाळी येऊ द्या म्हणायचे, कारण शेवटच्या पाळीवरून तारीख काढायची असे. आता सोनोग्राफी ते काम करते.

माझं स्पष्ट मत आहे की हा सल्ला बंद व्हावा. बत्तिशीत तीन महिने फुकट घालवणं परवडत नाही. आणि डॉक्टरच ‘स्वच्छ होऊ दे’ म्हणाले तर गोळी म्हणजे विष, हे घरच्यांना आयतंच पटतं.

वाटेवरची बाभूळ
अबोली, तुमचा राग समजतो, पण एवढं सरसकट लिहू नका. १९ व्या वर्षी माझी पाळी दोन-दोन महिने यायची नाही. डॉक्टरांनी ‘नियमित होण्यासाठी’ गोळ्या दिल्या. सात वर्षं घेतल्या. २१ दिवस गोळी, मग सात दिवस खंड आणि त्या खंडात ठरल्या वारी पाळी. मी बरी झाले असं धरून चालले. गोळी बंद केली आणि पाच महिने काहीच नाही. दर महिन्याला प्रेग्नन्सी टेस्टचं किट आणायचं आणि बाथरूमच्या ट्यूबलाइटखाली ती एकच रेघ तिरकी धरून बघत बसायचं. शेवटी निदान झालं पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याच्या त्रासाचं. म्हणजे ते १९ व्या वर्षापासूनच असणार.

डॉक्टर म्हणाले, गोळीने हे केलं नाही, फक्त झाकून ठेवलं. पण खंडाच्या आठवड्यात येते ती खरी पाळी नव्हे, हार्मोन थांबल्यामुळे होणारा रक्तस्राव आहे, हे मला सात वर्षांत एकदाही कुणी सांगितलं नाही. म्हणून मी म्हणते, आधी चार-सहा महिने गोळी सोडून स्वतःची पाळी बघा, मगच चान्स घ्या.

अबोली
ताई, ते पाच महिने वाचून गलबलून आलं. पण पाळी बघायला थांबायचं कशाला? चान्स घेता घेताही ती दिसतेच. तीन महिन्यांत आली नाही तर आधी किट, मग डॉक्टर. थांबायला सांगण्यापेक्षा मला पहिल्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड लिहून द्यायला हवं होतं. ते दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी सुरू करायचं असतं. मला ते गोळी सोडल्यावर चौथ्या महिन्यात कळलं.

उपकेंद्रातली ताई
मी एएनएम, म्हणजे सरकारी उपकेंद्रातली नर्स आहे. बायका सगळ्यालाच ‘गोळ्या-इंजेक्शन’ म्हणतात, तिथे घोळ होतो. माला-एन, म्हणजे रोजची हार्मोनची सरकारी गोळी, बंद केली की लवकर दिवस राहू शकतात. ‘छाया’ आठवड्याची गोळी, तिच्यात हार्मोन नाही. पण २०१७ पासून सरकारी केंद्रांत मिळणारं ‘अंतरा’, तीन महिन्यांचं इंजेक्शन, त्याला वेळ लागतो. शेवटच्या डोसनंतर सात ते दहा महिनेही जातात. हे मी आधीच सांगते, म्हणजे नंतर ती घाबरत नाही.

माझ्याकडे दुखणं उलटं आहे. ‘पिशवी खराब होते’ म्हणून सासूने पाकीट चुलीत टाकलं, मोठं अजून अंगावर पितंय आणि २० वर्षांच्या पोरीला पुन्हा दिवस. हिमोग्लोबिन आठ. त्यामुळे गोळीबद्दल भीती घालणारं कुणी लिहिलं की मला फार लागतं.

माईची सावली
रागवा माझ्यावर, पण पहिलं होऊ द्यावं, मग गोळ्या घ्याव्यात. गोळी वाईट नाही, मीही घेतली दुसऱ्यानंतर. पण माझ्या लेकीने ‘पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी’ करत ३६ गाठली. गोळीमुळे घाई वाटत नाही, वय मात्र थांबत नाही.

घाटमाथा
माई, लेकीबरोबर जावयाचीही तपासणी झाली का? आमच्याकडे दीड वर्ष सगळे बायकोच्या गोळ्यांवरच बोलत होते. तिची थायरॉईडची तपासणी झाली, फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे स्त्रीबीज वाढतंय का ते बघणारी सोनोग्राफी झाली. माझी तपासणी सगळ्यात शेवटी. एका सकाळचं काम, आणि शुक्राणूंचा काउंट कमी निघाला. त्या दीड वर्षात तिने माझ्या आईसमोर मान खाली घालून जेवण वाढलंय, ते मी विसरू शकत नाही. वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष, पुढे असेल तर सहा महिने वाट बघायची आणि मग दोघांनी एकाच दिवशी तपासायचं.

वाटेवरची बाभूळ
नर्सताई, मी भीती घालत नाही. गोळी देताना बोला, एवढंच म्हणते. माझी धाकटी बहीण २० ची. परवा तिला तेच पाकीट लिहून मिळालं. ना रक्ततपासणी, ना सोनोग्राफी, ‘पाळी नियमित होईल’ एवढं एकच वाक्य. गोळी तिने घ्यावी की नको, ते तिथेच ठरू दे. पण पाकीट आत्ता माझ्या पर्समध्ये आहे आणि सोमवारी मी तिच्याबरोबर परत जाणार आहे. प्रश्न कागदावर लिहून घेतलेत.