वडिलोपार्जित घराचं रिट्रीट करावं का?

सोनचाफा
गावाकडचं घर आणि भोवतीची जमीन आम्हा चार भावंडांच्या नावावर आहे. वर्षातले बहुतेक महिने कुलूप. बंद घर ओल धरतं, वाळवी लागते, आणि डागडुजीचा खर्च काही थांबत नाही. लिहिणाऱ्यांसाठी, ध्यान करणाऱ्यांसाठी किंवा नुसतं गप्प बसायला येणाऱ्यांसाठी तिथे रिट्रीट काढावं, असं मला वाटतं. घर निदान स्वतःचा खर्च तरी काढेल. दादांना हा शब्दच खटकतो. ‘आपल्याच घरात आपण तारीख विचारून यायचं का?’ म्हणतात. तुमचं मत?

खडूस
दादांच्या बाजूने. सुट्ट्यांत मागणी वाढते आणि घरच्यांनाही नेमकं तेव्हाच यायचं असतं. चादरी कोण बदलणार? रात्री पंप बंद पडला तर कोण उठणार? इतरांच्या शांततेसाठी घरातल्या एकाला कायम पायाला भिंगरी लावून फिरावं लागतं.

पानगळ
असं होऊन चांगलं चाललेली ठिकाणं आहेत की! कॅलिफोर्नियातल्या बिग सरची जागा मर्फी कुटुंबाची होती, आजोबांनी १९१० मध्ये घेतलेली. नातू मायकेल मर्फी पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात राहून परतला आणि १९६२ मध्ये डिक प्राइसबरोबर तिथे एसालेन हे शिबिरांचं, मुक्कामाचं केंद्र सुरू केलं. आजी आधी जागा द्यायला तयार नव्हती, बरं का. न्यू यॉर्क राज्यातलं याडोही मूळचं ट्रास्क दांपत्याचं राहतं घर. आज तिथे लेखक-कलावंत मुक्कामाला असतात.

खडूस
याडो तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. ट्रास्क दांपत्याची चारही मुलं लहानपणीच गेली, वारस उरला नाही. हाताशी बक्कळ पैसा होता. १९०० मध्ये संस्था नोंदवली, पहिले कलावंत आले १९२६ मध्ये. आणि एसालेनला गरम पाण्याचे झरे होते. इथे चार वारस आणि एक गळकं छप्पर.

मोजपट्टी
भावनेचं तुम्ही बघा, मी सांडपाण्याचं बोलतो. सेप्टिक टँक घरातल्या माणसांच्या हिशेबाने बांधलेली असते. वीस-पंचवीस जणांची शिबिरं सलग भरली की गाळ खाली बसायला वेळच मिळत नाही. तो शोषखड्ड्यात जातो, खड्डा तुंबतो, आणि विहीर जवळ असेल तर पाणीही बिघडतं. खोल्या रंगवण्याआधी टाकीची क्षमता मोजा, पाण्याची तपासणी करा. घरगुती विमा पैसे देऊन राहणाऱ्यांना सहसा लागू होत नाही, तेही विचारून घ्या. पाहुण्यांचा आकडा यावरूनच ठरतो, खाटांवरून नाही.

उंबरठा
खरा घोळ वाटा आणि मेहनत एकत्र केल्याने होतो. राबणारा एक, वाटेकरी चार. वर्षभरात राबणाऱ्याला इतर तिघं ऐतखाऊ वाटू लागतात आणि तिघांना तो मालक बनून बसलाय असं वाटतं. म्हणून चौघांनी घर चालवणाऱ्याला ठरावीक मुदतीच्या भाडेकराराने द्यावं, तो सख्खा भाऊ असला तरी. भाडं चौघांत सारखं, वरचा नफा-तोटा त्याचा. घरच्यांचे दिवस आधी राखून ठेवायचे, उरलेलेच पाहुण्यांना.

पानगळ
याला अनुमोदन. शिवाय मर्यादा घालता येते. इटलीच्या १९८५ च्या कृषी-पर्यटन कायद्यात शेती हाच मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार पूरक, अशी अटच होती. पाहुण्यांसाठी जमीन ओसाड पाडायची नाही, हे तुम्हीही लिहून ठेवू शकता.

खडूस
लिहा की, कागद सगळं सोसतो. भाडं थकलं तर भावावर दावा लावणार आहात का?

सोनचाफा
दावा नाही लावणार. पण तीन महिन्यांचं भाडं आगाऊ ठेव म्हणून घेता येईल. उंबरठा, चालवायची तयारी माझीच आहे, त्यामुळे तोटाही माझा, हे दादांना आधी सांगते. मोजपट्टी, टाकी जुनी आहे, तिचा नकाशा कुणाकडेच नाही. मग खोदून बघायचं का?

मोजपट्टी
आधी उपसून घ्या. रिकामी टाकी आतून मोजता येते.