सिग्नलला थांबली की बंद पडणारी जुनी गाडी : सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

सदनिका ४०२ :
सर्वांना नमस्कार. माझी वीस वर्षांहून जुनी पेट्रोल गाडी अलीकडे वारंवार बंद पडते, म्हणून येथे विचारत आहे. गाडी इंजेक्शनची आहे, थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) मात्र केबलचा आहे. सकाळी ती पहिल्याच चावीला सुरू होते आणि मोकळ्या रस्त्यावर छान चालते. पण इंजिन तापल्यानंतर सिग्नल जवळ आला आणि मी क्लच दाबला की आरपीएमचा काटा पाचशेच्या खाली घसरतो, गाडी थरथरते आणि बंद पडते. एसी चालू असला की हा त्रास जास्त होतो. स्पार्क प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले, तरी फरक पडलेला नाही. गॅरेजमध्ये आता फ्युएल पंप बदलायला सांगितले आहे. खर्च मोठा असल्यामुळे त्याआधी जाणकारांचे मत हवे आहे.

सदनिका ६०१ :
पेट्रोलमध्ये पाणी किंवा कचरा आला असण्याची शक्यता मला वाटते. टाकी बरीचशी रिकामी होऊ द्या आणि नवे पेट्रोल भरून पाहा.

सदनिका २०५ :
माझ्या ओळखीच्या एका मेकॅनिकने अशाच गाडीचा थ्रॉटलचा स्क्रू थोडा आवळून आयडल (पाय काढल्यावर इंजिन ज्या किमान वेगाने फिरते तो वेग) वाढवून दिला होता. गाडी बंद पडणे लगेच थांबले. आपणही ते करून पाहावे.

सदनिका १०३ :
४०२, कृपया पंप इतक्यात बदलू नका आणि स्क्रूलाही हात लावू नका. मी बरीच वर्षे ऑटोमोबाइलच्या विद्यार्थ्यांना इंजिनांचा विषय शिकवला आहे. आयडलला बंद पडणाऱ्या गाडीचे सुटे भाग अंदाजाने बदलत गेले की खर्च वाढत जातो आणि मूळ दोष मात्र तसाच राहतो. आधी मला काही गोष्टी नीट पाहून सांगा. पहिली गोष्ट, गाडी थरथरून, काटा हळूहळू खाली येत बंद पडते, की दिवा मालवल्यासारखी एका क्षणात बंद होते? दुसरी, बंद पडायच्या बेतात असताना अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून धरला तर ती तग धरते का? तिसरी, चढावर किंवा ओव्हरटेक करताना पिकअप कमी वाटतो का? चौथी, बंद पडल्यावर लगेच सुरू होते, की इंजिन थंड होईपर्यंत वाट पाहावी लागते? आणि चेक इंजिनचा दिवा लागलेला आहे का?

सदनिका ४०२ :
काकू, गाडी थरथरून बंद पडते, एकदम नाही. पाय हलका ठेवला तर ती कितीही वेळ चालू राहते. चढावर पिकअप उत्तम आहे. बंद पडल्यावर लगेच सुरू होते. चेक इंजिनचा दिवा मध्येच लागतो आणि एक-दोन दिवसांनी आपोआप जातो.

सदनिका १०३ :
आपण दिलेल्या उत्तरांनी शोधाचा परिसर बराच लहान झाला आहे. तो कसा, हे थोडे विस्ताराने लिहिते, कारण गॅरेजमध्ये बोलताना आपल्याला त्याचा उपयोग होईल.

इंजिनाला पेट्रोलची सर्वांत कमी गरज आयडलला असते आणि सर्वांत जास्त गरज चढावर, पूर्ण रेस दिल्यावर असते. पंप दुबळा झाला असेल किंवा पेट्रोलचा फिल्टर तुंबला असेल, तर गाडी आधी चढावर कुचंबते, झटके देते. आपली गाडी चढावर उत्तम ओढते आणि फक्त उभी राहताना मान टाकते, म्हणून पंपाचा संशय माझ्या यादीत बराच खाली जातो. तरीही कोणाला तो बदलायचाच असेल, तर आधी गेज लावून इंधनाचा दाब मोजावा आणि मगच निर्णय घ्यावा. ६०१ यांनी पाण्याची शंका मांडली. पेट्रोलमध्ये पाणी असते तर गाडी सकाळी सुरू होतानाही अडखळली असती आणि रस्त्यावरही झटके दिले असते.

गाडी एका क्षणात बंद पडून काटा थेट शून्यावर आला असता आणि इंजिन थंड झाल्याशिवाय ती सुरू झाली नसती, तर मी क्रँकशाफ्टच्या सेन्सरकडे, म्हणजे इंजिनाचे फिरणे टिपणाऱ्या सेन्सरकडे, बोट दाखवले असते. तो सेन्सर जुना झाला की तापल्यावर दगा देतो. तसे काही येथे दिसत नाही.

पाय हलका ठेवला की इंजिन चालते, हा आपण दिलेला सर्वांत मोलाचा धागा आहे. आयडलला थ्रॉटलची झडप जवळजवळ पूर्ण मिटलेली असते आणि इंजिनाला लागणारी हवा शेजारच्या एका बारीक मार्गाने आत जाते. त्या मार्गावर आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह असतो. एसीचा कॉम्प्रेसर लागला, हेडलाइट लावले किंवा पॉवर स्टीअरिंगवर जोर आला की इंजिन सांभाळणारा गाडीतला संगणक त्या व्हॉल्व्हला थोडा अधिक उघडतो आणि काटा आठशेच्या आसपास टिकून राहतो. आपण पायाने झडप जराशी उघडता, तेव्हा त्या व्हॉल्व्हचे काम आपणच करत असता. त्यामुळे दोष बहुधा आयडलच्या हवेच्या हिशेबात आहे. एक तर जी हवा यायला हवी ती कार्बनमुळे अडते आहे, किंवा जी हवा यायला नको ती एखाद्या फाटलेल्या पाइपातून चोरून आत शिरते आहे.

सकाळी त्रास का होत नाही, हेही यातूनच उलगडते. थंड इंजिनाला संगणक मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि आयडलही हजाराच्या वर ठेवतो, म्हणून थोडीशी गळती झाकली जाते. इंजिन तापले की मिश्रण चौदा पूर्णांक सात भाग हवेला एक भाग पेट्रोल, अशा मोजक्या प्रमाणावर येते आणि दोष उघडा पडतो.

सदनिका २०५ :
काकू, मग स्क्रू आवळून हवा वाढवली तर त्यात चूक काय? परिणाम तर तोच होतो.

सदनिका १०३ :
परिणाम तेवढ्यापुरता तोच दिसतो, पण गाडीचे नुकसान होते. तो स्क्रू आयडल वाढवण्यासाठी नसून झडप मिटताना कुठे थांबावी, यासाठी कारखान्यात बसवलेला असतो. तो हलवला की थ्रॉटलच्या सेन्सरला झडप पूर्ण मिटल्याचे कळत नाही. आयडल चालू आहे हेच संगणकाला न समजल्यामुळे तो आयडल सांभाळणे सोडून देतो. मग कधी काटा वर-खाली नाचतो, तर कधी पाय काढूनही गाडी पुढे रेटत राहते. आणि ज्या पाइपाला भेग पडली आहे ती भेग वाढतच जाते. कार्बोरेटरच्या गाडीत आयडलचा स्क्रू फिरवणे हे नेहमीचे काम आहे, पण इंजेक्शनच्या गाडीत तो उपाय नव्हे.

४०२, पुढची पायरी अशी. डॅशबोर्डखाली निदानाचे सॉकेट आहे का ते पाहा. अमेरिकेत १९९६पासून आणि युरोपीय संघात पेट्रोल गाड्यांना २००१पासून एका ठरावीक पद्धतीचे सॉकेट बंधनकारक झाले, त्यामुळे आपल्या गाडीतही ते असण्याची चांगली शक्यता आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावून केवळ दोषाचा कोड वाचू नका, फ्युएल ट्रिमचे आकडेही, म्हणजे संगणक पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतो आहे तेही, मागून घ्या. इंजिन तापलेले असताना एकदा आयडलला आणि एकदा अडीच हजार आरपीएमवर धरून, शॉर्ट (त्या क्षणाचा) आणि लाँग (बऱ्याच काळाचा) असे ट्रिमचे दोन्ही आकडे लिहून आणा. हवा मोजणारा सेन्सर मास एअर फ्लो प्रकारचा (आत येणारी हवा थेट मोजणारा) आहे की मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजणारा आहे, हेही विचारा.

आणखी एक विनंती आहे, ती सर्वांनीच लक्षात ठेवावी. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडी चालू ठेवून ही तपासणी मुळीच करू नये. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो, त्यामुळे धोका कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी उघड्यावर काढूनच बॉनेट उघडावे.

सदनिका ४०२ :
काकू, आकडे मिळाले. कोड पी ०१७१ आहे, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त, असे त्यांनी सांगितले. आयडलला शॉर्ट आणि लाँग मिळून अधिक बावीस टक्के येतात. अडीच हजारावर तीच बेरीज अधिक चारवर येते. सेन्सर मास एअर फ्लोचा आहे. गॅरेजवाले म्हणतात की कोडवरून ऑक्सिजन सेन्सर खराब दिसतो.

सदनिका १०३ :
ऑक्सिजन सेन्सरने (धुरातला ऑक्सिजन पाहून मिश्रण ओळखणाऱ्या सेन्सरने) फक्त तक्रार नोंदवली आहे आणि ती खरी असण्याचीच शक्यता अधिक. आकडे पाहा. अधिक बावीस म्हणजे संगणक नेहमीपेक्षा बावीस टक्के जास्त पेट्रोल देऊन मिश्रण सावरतो आहे. रेस दिल्यावर तोच आकडा चारवर येतो. भेगेतून शिरणारी हवा फारशी वाढत नाही, पण रेस दिल्यावर थ्रॉटलमधून येणारी एकूण हवा कितीतरी पट होते, म्हणून त्या चोरट्या हवेचा वाटा नगण्य ठरतो. पंप दुबळा असता तर चित्र नेमके उलटे दिसले असते : आयडलला आकडा ठीक, आणि जोर वाढेल तसा तो चढत गेलेला. त्यामुळे मास एअर फ्लो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला कुठेतरी व्हॅक्यूमची गळती आहे, म्हणजे इंजिनाच्या ओढीमुळे न मोजलेली हवा आत शिरते आहे, असे मी बऱ्याच खात्रीने म्हणते. मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या गाडीत हीच गळती वेगळी दिसते. तेथे आत शिरलेली हवाही मोजली जाते, म्हणून मिश्रण फारसे बिघडत नाही आणि आयडल उलट वाढते.

आता शोध घेताना जाड पाइपांपासून सुरुवात करा. एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारी घडीची रबरी नळी हाताने ताणून पाहा, कारण भेगा घड्यांच्या आत लपतात आणि वरून काही दिसत नाही. नंतर ब्रेक बूस्टरचा (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या भागाचा) पाइप पाहा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पाय तसाच दाबून धरा आणि गाडी सुरू करा. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टरला व्हॅक्यूम पोहोचतो आहे. आयडलला ब्रेक दाबून धरल्यावर फुसकारा ऐकू येऊन इंजिन अडखळले, तर बूस्टरचा पडदा फाटलेला असू शकतो. तिसरी जागा म्हणजे टॅपेट कव्हरवरून (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरून) मॅनिफोल्डकडे जाणारी पीसीव्हीची, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ ओढून घेणारी, नळी. तिचा कोपरा तेल आणि उष्णता यांमुळे एक तर मऊ पडतो, नाही तर तडकतो, आणि भेग बहुतेक वेळा खालच्या अंगाला असते. आरसा आणि टॉर्च घेऊन पाहा. बारीक नळ्या एकेक करून पक्कडीत कापड धरून हलक्या चिमटीत दाबा. ज्या नळीला दाबल्यावर आयडल सुधारते, तिच्या पुढे गळती आहे. सर्वांत शेवटी मॅनिफोल्डच्या गॅस्केटचा (जोडातून हवा जाऊ न देणाऱ्या पट्टीचा) विचार करावा.

काही जण तापलेल्या इंजिनावर कार्बोरेटर क्लीनर फवारून गळती शोधतात. तसे कृपया करू नका आणि करूही देऊ नका, कारण तो द्रव पेट घेतो. गॅरेजमध्ये धूर सोडून तपासण्याचे यंत्र असेल तर ते उत्तम, कारण धूर थेट भेगेतून बाहेर येतो.

सदनिका ३०१ :
काकू, आमच्याकडे कार्बोरेटरची जुनी गाडी आहे आणि तिलाही हाच त्रास आहे. तिला हे सर्व लागू होते का?

सदनिका १०३ :
व्हॅक्यूमच्या पाइपांचे सर्व लागू होते, स्कॅनरचे नाही. आपल्या गाडीत आयडलचा जेट (पेट्रोल सोडणारे बारीक छिद्र) तुंबलेला आहे का ते आधी पाहावे, विशेषतः गाडी बरेच दिवस उभी असेल तर. चावी फिरवल्यावर कार्बोरेटरवरच्या सोलेनॉइडचा (विजेवर चालणाऱ्या छोट्या झडपेचा) टक असा आवाज आला पाहिजे, कारण तो अडकला की आयडलचे पेट्रोलच बंद होते. चोक पूर्ण उघडतो का आणि फ्लोटची (कार्बोरेटरमधले पेट्रोल ठरावीक उंचीवर ठेवणाऱ्या तरंगत्या भागाची) पातळी बरोबर आहे का, हेही तपासून घ्यावे.

सदनिका ४०२ :
काकू, गळती सापडली. पीसीव्हीच्या नळीचा कोपरा खालच्या बाजूने बोटाच्या पेराएवढा चिरलेला होता. वरून नळी अगदी धड दिसत होती, आरसा धरल्यावरच भेग दिसली. नवी नळी लावल्यानंतर आयडलची बेरीज अधिक पाचवर आली आहे आणि गाडी एसीशिवाय बंद पडत नाही. एसी लावल्यावर मात्र काटा अजून सहाशेपर्यंत खाली जाऊन मग सावरतो.

सदनिका १०३ :
फार छान काम झाले. गळती मिटली हे ट्रिमच्या आकड्यांनी सिद्ध केले आहे. उरलेला दोष आता दुसऱ्या बाजूचा असावा, म्हणजे आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह कार्बनमुळे जड झाला असावा आणि एसीचा भार आल्यावर वेळेत उघडत नसावा. थ्रॉटल बॉडीच्या झडपेची कड आणि तो व्हॉल्व्ह दोन्ही सुटे करून थ्रॉटल क्लीनरने स्वच्छ करवून घ्या. मऊ कापड वापरावे, खरवडू नये आणि व्हॉल्व्हची सुई हाताने ओढू नये. गॅस्केट नवे बसवावे. नंतर आयडल पुन्हा शिकवण्याची पद्धत आपल्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असेल, तीच पाळावी. संगणकाने आतापर्यंत कार्बन धरून हिशेब बसवलेला असतो, त्यामुळे साफसफाईनंतर सुरुवातीला आयडल वाढलेले दिसू शकते. त्या वेळी घाईने स्क्रूला हात लावू नये. चार्जिंगही एकदा मोजून घ्या. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण चौदा व्होल्ट दिसले पाहिजेत, कारण व्होल्टेज पडले की हा व्हॉल्व्हही मंदावतो.

हे काम होईपर्यंत एक काळजी घ्या. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले तर स्टीअरिंग जड होते आणि बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोनदाच ब्रेक हलक्या पायाने लागतो. म्हणून ब्रेक पंप करू नये, एकदाच घट्ट दाबून गाडी बाजूला घ्यावी. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी लॉकपर्यंत फिरवू नये.

सदनिका ४०२ :
काकू, थ्रॉटल बॉडी आणि व्हॉल्व्ह साफ करून घेतले, पुस्तिकेप्रमाणे आयडलही शिकवले. आता एसी आणि हेडलाइट लावून, स्टीअरिंग पूर्ण वळवूनही काटा साडेसातशेच्या खाली जात नाही. बॅटरीवर चौदा पूर्णांक एक व्होल्ट आहेत. पंप जुनाच आहे. बूस्टरचा पाइप दाबून पाहिला, तोही कडक झालेला वाटतो, म्हणून तो भेग पडण्याआधीच बदलून घेत आहे. आपले मनापासून आभार.

सदनिका १०३ :
बूस्टरचा पाइप घेताना त्यातला एकदिशा व्हॉल्व्हही सोबत बदला. तो पाइपाच्या आतच बसवलेला असतो आणि त्यावर बाणाची खूण असते. बाण इंजिनाकडे राहील, याची बसवताना खात्री करून घ्या.