सल्ला हवा: बाबांच्या पंचाहत्तरीला २००० सालचं 'कौन बनेगा करोडपती' घरच्या घरी कसं उभं करावं?

चाफेकळी

नमस्कार मंडळी. डिसेंबरात माझ्या बाबांची पंचाहत्तरी आहे. सत्कार, शाल-श्रीफळ, भाषणं यातलं काहीही नको असं त्यांनी आधीच बजावलंय. मग हवं तरी काय, असं विचारलं तर म्हणाले, "केबीसी खेळू या आपण सगळे. पण ते पहिलं, दोन हजार सालचं."

ज्यांनी तो काळ पाहिलाय त्यांना 'पहिलं' म्हणजे काय ते लगेच कळेल. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर रात्री ९ वाजता ते सुरू झालं तेव्हा मी शाळेत होते. आमच्याकडची रात्रीची जेवणं तेव्हापासून अर्धा तास अलीकडे आली ती कायमचीच. आजी, काका-काकू, शेजारचे, सगळे एका खोलीत. सुरुवातीचे सोपे प्रश्न आले की हॉट सीटवरच्या माणसाआधी आजी उत्तर द्यायची. बाबा स्पर्धक होण्यासाठी नंबर फिरवत बसायचे आणि लाइन सतत व्यग्र लागायची. ती हॉट सीट त्यांना आता द्यायची आहे.

हॉल ठरलाय. चाळीसेक माणसं, सहा वर्षांच्या भाचीपासून ऐंशीच्या आत्यापर्यंत. वेळ दोन तास. लाइफलाइन, प्रश्न, बक्षीस, सूत्रसंचालन, सगळ्याबद्दलच सल्ला हवाय. आणि जुना साचा जसाच्या तसा ठेवावा की हल्लीचे बदल घ्यावेत?

मुक्काम_ठाणे

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी अगदी योग्य तेच मागितलंय.

जुनाच साचा ठेवा. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: हॉट सीटवर घड्याळ लावू नका. पहिल्या हंगामात प्रश्नाला वेळेची मर्यादा नव्हती. टिकटिकणारं घड्याळ पुढच्या हंगामांत आलं. घड्याळ नसल्यामुळे माणूस मोठ्याने विचार करायचा. "हे नसणार, कारण शाळेत असं शिकलो होतो... हे असू शकेल..." आणि आपण घरी बसून त्याच्या विचारात सामील व्हायचो. अमिताभ तेव्हा ५७ वर्षांचे होते, टीव्हीवर पहिल्यांदाच असं काम करत होते, आणि समोरच्याला बोलू द्यायचे. गावाकडचा कुणी आला तर त्याला पाणी विचारून, घरच्यांची चौकशी करून आधी स्थिर करायचे. ती मायाच लोकांना बांधून ठेवायची.

पायऱ्या पंधराच ठेवा. मूळ रकमा अशा होत्या: १,०००, २,०००, ३,०००, ५,०००, १०,०००, मग २०,०००, ४०,०००, ८०,०००, १,६०,०००, ३,२०,०००, आणि शेवटी ६,४०,०००, १२,५०,०००, २५ लाख, ५० लाख, १ कोटी. सगळ्याला हजाराने भागलंत की घरच्या खेळाला रकमा तयार: १ रुपयापासून १०,००० पर्यंत. पाचव्या आणि दहाव्या प्रश्नावरचे दोन पक्के टप्पे विसरू नका. तुमच्या हिशोबात ते १० रुपये आणि ३२० रुपये.

या टप्प्यांशिवाय खेळात जीव येत नाही. चौदा प्रश्न बरोबर आलेल्या माणसाच्या हातात ५० लाख असतात. पंधराव्याचं उत्तर चुकलं तर तो थेट ३,२०,००० वर येतो. खेळ सोडला तर ५० लाख घेऊन घरी. म्हणून तो एक प्रश्न उत्तराच्या ज्ञानाचा राहत नाही, स्वतःवर किती विश्वास आहे त्याचा होतो. हर्षवर्धन नवाथे २००० साली पहिला करोडपती झाला तेव्हा आम्ही घरात श्वास रोखून होतो ते यासाठी. आपल्या मुंबईचा, प्रशासकीय सेवेच्या परीक्षेची तयारी करणारा मुलगा. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये दुसरा विषय नव्हता.

दीपमाळ

मुक्काम_ठाणे, प्रत्येक शब्दाला अनुमोदन.

बक्षिसाच्या रकमेचं फार मनावर घेऊ नका, चाफेकळी. केबीसी गाजल्यावर त्याच वर्षी झी टीव्हीने 'सवाल दस करोड का' आणलं. बक्षीस दहापट, सूत्रसंचालनाला अनुपम खेर आणि मनीषा कोईराला. लोकांनी पाठ फिरवली. पुढच्या वर्षी सोनीवर गोविंदाचं 'जीतो छप्पर फाड के' आलं. या दोन्हींची आठवण काढून आज कुणी पंचाहत्तरी साजरी करायला निघालंय का? पैसा सगळ्यांकडे होता. समोरच्या साध्या माणसाला मान देऊन त्याचं ऐकून घेणारा यजमान एकाकडेच होता.

म्हणून माझा सल्ला सूत्रसंचालकाबद्दल. नक्कल करणारा निवडू नका. आवाज खर्जात लावून दोन तास मिमिक्री चालली की पाहुणे पहिल्या दहा मिनिटांत दमतात. ज्याच्याशी बोलताना घरातल्यांना मोकळं वाटतं, जो मध्ये तोंड घालत नाही, असा कुणी बघा. मामा, भाचा, सून, कुणीही चालेल. हिंदीचाही आग्रह नको. सचिन खेडेकरांनी २०१३ मध्ये ईटीव्ही मराठीवर आणि नागराज मंजुळ्यांनी २०१९ मध्ये सोनी मराठीवर हाच खेळ मराठीत उत्तम चालवून दाखवलाय. मंजुळे तर हॉट सीटवरच्या माणसाशी पारावर बसल्यासारखे बोलायचे.

चाफेकळी

वा! घड्याळाचं माझ्या डोक्यातच नव्हतं, मी मोबाइलवर टायमर लावायचा बेत केला होता. रद्द.

सूत्रसंचालनाला माझी वहिनी, ती शिक्षिका आहे आणि बाबांची लाडकी. आता लाइफलाइनचं सांगा. आणि हॉट सीटवर फक्त बाबांनी बसावं की इतरांनीही?

सूत्रधार

मी सोसायटीत आणि नात्यात असे खेळ बरेचदा बसवले आहेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोन तासांत तीनपेक्षा जास्त माणसं हॉट सीटवर नेऊ नका. एक मुलांपैकी, एक मधल्या पिढीतला, शेवटी बाबा. बाबांना किमान पाऊण तास मिळायला हवा. पहिल्या दोघांची निवड 'फास्टेस्ट फिंगर'ने करा. टीव्हीवर दहा जण असायचे, तुम्हीही दहाच घ्या. प्रत्येकाला पाटी आणि खडू. चार पर्याय क्रमाने लावायचे, लिहून झालं की पाटी वर धरायची. बटणांच्या ॲपच्या नादी लागू नका, हॉलमधलं नेट ऐन वेळी दगा देतं आणि सगळ्यांचा रस जातो.

'ऑडियन्स पोल'साठी प्रत्येकाला अ, ब, क, ड अशी चार रंगांची कार्डं द्या. सूत्रसंचालिकेने "आता" म्हटलं की एकदमच वर करायची, नाहीतर सगळे आत्याबाईंचं कार्ड बघून आपलं ठरवतात. दोन जण मोजायला.

'फिफ्टी-फिफ्टी'त कोणते दोन चुकीचे पर्याय जाणार ते प्रश्न काढतानाच लिहून ठेवा. ऐन वेळी ठरवायला गेलं की चेहऱ्यावरून उत्तर फुटतं.

'फोन अ फ्रेंड' खरा करा. बाबांचे जुने मित्र, बँकेतले सहकारी, परदेशातली भावंडं, जे येऊ शकत नाहीत त्यांच्यातून तिघांची नावं बाबांकडून आधीच घ्या. त्या तिघांना वेळ कळवा, फोन जवळ ठेवायला सांगा, परदेशी असतील तर तिथे किती वाजले असतील ते बघा. स्पीकरवर लावा. इथे मात्र ३० सेकंद कडक पाळा. मूळ खेळात घड्याळ फक्त इथेच होतं आणि त्यातच त्याची गंमत होती. प्रश्न वाचून संपेपर्यंत निम्मा वेळ जायचा, पलीकडचा माणूस "परत सांग, परत सांग" करायचा. खेळ झाल्यावर त्याच मित्राला पुन्हा फोन लावून निवांत बोलू द्या.

संगीताचं एक. कीथ आणि मॅथ्यू स्ट्रॅचन या बापलेकांनी मूळ ब्रिटिश कार्यक्रमासाठी केलेलं संगीत आपल्याकडेही वापरलं गेलं. सोपे प्रश्न संपले की पुढे प्रत्येक प्रश्नागणिक त्याचा सूर अर्ध्या स्वराने वर चढतो. आपल्या ते लक्षात येत नाही पण छातीतली धडधड वाढते. घरात कुणी पेटी वाजवणारं असेल तर हलकासा आधारस्वर धरा आणि दर प्रश्नाला एक पट्टी वर न्या. दिवे कमी करायची सोय असेल तर दहाव्या प्रश्नानंतरच करा.

वऱ्हाडी_माणूस

केबीसीचा विषय निघाला आणि अंजनगाव सुर्जीचं नाव कोणी घेतलं नाही, असं कसं चालेल? अमरावती जिल्ह्यातल्या बबिता ताडे, शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवणाऱ्या, २०१९ मध्ये एक कोटी जिंकल्या. आमच्याकडे तेव्हा घराघरांत दिवाळी होती. पुस्तकांच्या राशीत बसलेल्यालाच सगळं येतं असं नसतं, हे त्या बाईंनी साऱ्या देशासमोर दाखवलं.

म्हणून प्रश्नांबद्दल सांगतो. पहिले पाच असे काढा की सहा वर्षांच्या भाचीलाही दोन तरी येतील. सगळ्या हॉलने एका सुरात उत्तर ओरडलं पाहिजे. सहा ते दहा बाबांच्या आयुष्यातले: त्यांची पहिली बदली, लग्नातला मेन्यू, पहिल्या स्कूटरचा नंबर. अकराच्या पुढे मात्र खरेखुरे सामान्यज्ञान, आणि कठीण. तिथे लाड करू नका. सोपे प्रश्न देऊन मुद्दाम जिंकवलंत तर त्यांच्या तत्काळ लक्षात येईल आणि वाईट वाटेल. प्रश्न काढणारा माणूसही घराबाहेरचा ठेवा म्हणजे फुटाफूट नाही.

फास्टेस्ट फिंगरसाठी माझ्याकडून दोन घ्या. एक: मुंबईहून पुण्याला जाताना लागणारी स्टेशनं क्रमाने लावा: कर्जत, ठाणे, लोणावळा, कल्याण. (ठाणे, कल्याण, कर्जत, लोणावळा.) दुसरा: हे जिल्हे जसे निर्माण झाले तसे लावा: पालघर, लातूर, सिंधुदुर्ग, नंदुरबार. (सिंधुदुर्ग १९८१, लातूर १९८२, नंदुरबार १९९८, पालघर २०१४.)

पंधरावा प्रश्न नवाथेंचाच ठेवा. संसद सदस्य नसतानाही संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना कुणाला देते? उत्तर भारताचे महान्यायवादी, म्हणजे ॲटर्नी जनरल.

मुक्काम_ठाणे

नको हो दादा! नवाथेंचा प्रश्न बाबांना झोपेतही येईल. तो फास्टेस्ट फिंगरच्या आधी सगळ्यांना सहज विचारा, जुन्या लोकांना भरून येईल. पंधरावा नवाच हवा.

आक्का_नाशिक

सगळे बाबांच्या मागे लागलात, चाफेकळीच्या आईचं काय? ज्या बाईने ते जेवण अर्धा तास आधी तयार ठेवलं तिला नुसतं टाळ्या वाजवायला बसवणार का?

मधल्या पंधरा मिनिटांत आईसाठी पैठणी ठेवा गं. आदेश बांदेकर भावोजी टीव्हीवरच्या 'होम मिनिस्टर'मध्ये २००४ पासून दारोदार जाऊन हेच करत होते. प्रश्नमंजूषा ज्यांना जमत नाही त्या बायकाही त्यात मनमोकळं खेळल्या, नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतलं, सासूबद्दल चार शब्द बोलल्या. आईला आणि आत्यांना एखादा सोपा खेळ द्या आणि पैठणी आईलाच मिळेल असं बघा. इथे लबाडी चालते.

आणि शेवटी वेळ उरला तर झीवरच्या अंताक्षरीसारखे दीवाने, परवाने, मस्ताने असे तीन गट करा. अन्नू कपूर आणि दुर्गा जसराज, मग रेणुका शहाणे, पल्लवी जोशी, काय रंगायचं ते! सहा वर्षांची आणि ऐंशीची एकाच गटात बसवा.

मुक्काम_ठाणे

आक्का, पैठणीला पूर्ण पाठिंबा. फक्त बाबा हॉट सीटवर बसण्याआधी ती देऊन टाका. ते एकदा बसले की मध्ये काही आणू नका, चढलेला ताण एकदा उतरला की परत चढत नाही. अंताक्षरी जेवणानंतर.

चाफेकळी

किती भरभरून लिहिलंत सगळ्यांनी! ठरलं तर मग: घड्याळ नाही, पंधरा पायऱ्या, पाट्या, रंगीत कार्डं, आधी आईची पैठणी, मग बाबा. फोनसाठी त्यांनी पहिलं नाव सांगलीच्या मित्राचं दिलंय, दोघे एकाच काउंटरला होते. चेक मी मोठ्या पुठ्ठ्यावर करतेय, त्यावर सही वहिनीची.

आता पंधरावा प्रश्न तेवढा हवाय. बाबा निवृत्त बँकवाले, रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात, इतिहास आणि क्रिकेट पक्कं. भूगोल आणि विज्ञान जरा कमी. कुणाकडे चांगला असेल तर कृपा करून मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, इथे नको. बाबा हा धागा वाचतायत अशी मला दाट शंका आहे.

सूत्रधार

निरोप पाठवलाय. चारही पर्याय आणि फिफ्टी-फिफ्टीत काढायचे दोन त्यातच लिहिले आहेत. वहिनींना उत्तराचा कागद घडी घालून द्या आणि "लॉक करू?" म्हटल्यावरच उघडायला सांगा.